आठ महिने, सहा रूम आणि दुधाचे खाडे

फेब्रुवारीत ऑफिसच्या टीम आउटिंगला पहिल्यांदा एस्केप रूमला गेलो तेव्हा तासाभरासाठी माणशी ८०० रुपये ऐकून जिवावर आलं होतं, तेवढ्यात मिसळ खाऊन वर मस्तानी आणि घरी जायची रिक्षा पण झाली असती. आता ऑक्टोबर चालू आहे, बाणेर-औंध बाजूच्या सहा रूम झाल्यात, त्यातल्या चार मर्डर मिस्ट्रीवाल्या. बायको म्हणते तुला व्यसन लागलंय, आणि बुकिंग झालं की सगळ्यात आधी आवरून तीच दारात उभी.

हा खेळ मूळचा जपानचा, २००७ मध्ये क्योटोत सुरू झाला. साध्या रूममध्ये ६० मिनिटांत कोडी सोडवून बाहेर पडलात की जिंकलात. मर्डरवाल्यात कुलपं उघडून अर्धंच काम होतं, शेवटी खून कुणी केला आणि कशावरून ते पण सांगावं लागतं, आणि खरी भांडणं तिथेच होतात.

सगळ्यात भारी होती वाड्याची रूम. ती आता बंद झालीय म्हणून सांगतोय, नाहीतर स्पॉयलर दिला नसता. जुना वाडा, पितळी डबे, भिंतीवर कॅलेंडर, खून झालेले काका, आणि आम्हाला हवा होता तीन आकडी नंबर. मावसभाऊ ०००, ००१ करत कुलूप फिरवत बसला, म्हटलं अरे एका नंबरला ३ सेकंद धरले तरी हजार नंबरांना ५० मिनिटं जातील. मी आपला यूव्ही टॉर्च घेऊन भिंती चाटून काढत होतो. आई (हिला उगाच आणलं असं मनात म्हणत होतो, गुडघ्यांमुळे ती खुर्चीत बसून होती) कॅलेंडरकडे बघून म्हणाली, "अरे, हे दुधाचे खाडे आहेत." ३, ७ आणि ८ तारखेला बारीक फुली होती. ३७८ लावलं, कुलूप उघडलं. आत पुतण्याची जबानी, की ८ तारखेला सकाळी काकांच्या घरी चहा पिऊन निघालो. आई लगेच, "दूधच घेतलं नव्हतं त्या दिवशी, चहा कसला ढोसला मेल्यानं?" बायको म्हणाली कोरा प्यायला असेल, त्यावर आईनं नुसतं बघितलं. खुनी पुतण्याच निघाला!

तर चांगली रूम म्हणजे काय, तर असा क्लू की जो कुलूप पण उघडतो आणि कुणाचं तरी खोटं पण पकडतो. बाकीच्या दोन मर्डर रूममध्ये रक्ताचे डाग आणि भुताचे आवाज भरपूर, पण कोड्यांचा खुनाशी काही संबंधच नाही, सुडोकू सोडवून खुनी कसा सापडणार तुम्हीच सांगा.

माणसं चारच न्या. सहा जण गेलो तेव्हा सापडलेली चिठ्ठी एकानं वाचून खिशात टाकली आणि उरलेले पाच जण वीस मिनिटं तीच शोधत होते. गेम मास्टर (बाहेरून हिंट देणारा) कोण आहे त्यावर पण बरंच असतं, काही जण वॉकीटॉकीवर सरळ उत्तरच देऊन टाकतात, आधीच सांगा की मागितल्याशिवाय हिंट नको.

तक्रारी आहेत. एकदा टॉर्चची बॅटरी उतरलेली, एका ठिकाणी कुलूप इतकं झिजलेलं की चुकीच्या नंबरला पण उघडलं. आणि चौथी मर्डर रूम तर विचारूच नका. सवलत होती म्हणून गुरुवारचा स्लॉट घेतला आणि पंचविसाव्या मिनिटाला लाईट गेली. तिथे दारांना मॅग्नेटवाली कुलपं होती, करंट गेला की ती सुटतात, त्यामुळे खट् खट् करत तिन्ही दारं एकदम उघडली आणि शेवटच्या खोलीतलं प्रेत, सुरा, खुन्याचा फोटो सगळं मोबाईलच्या उजेडात समोर. इन्व्हर्टर फक्त रिसेप्शनला. पैसे परत नाहीत, त्याच रूमचा दुसरा स्लॉट देतो म्हणाले, आता खुनी माहीत झाल्यावर तिथे जाऊन काय करू?

पण दारं आपोआप उघडली हे बरंच झालं म्हणा. २०१९ मध्ये पोलंडमध्ये एस्केप रूमला आग लागून पाच मुली गेल्या होत्या, म्हणून लाईट गेली तर दार कसं उघडतं हे आत शिरायच्या आधीच लाज न बाळगता विचारा.

दिवाळीनंतरचं बुकिंग केलंय, रविवारचं. आई येतेय, फक्त आत बसायला खुर्ची आहे का ते आधी फोन करून विचार म्हणालीय.