मॉनिटर घेताना आधी स्टँड हलवून पाहा: आठ महिन्यांचा अनुभव

दिवाळीच्या तोंडावर घेतलेला मॉनिटर नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) काढून आता पावसाळ्यात आलाय, म्हणून लिहायला बसले. घेतल्या-घेतल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं.

मी नागपूरच्या महाल भागात राहते, घरीच डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायचं काम करते. लग्नपत्रिका, स्मरणिका, वर्षाकाठी एखाद-दुसरा कवितासंग्रह. दिवसाचे आठ-नऊ तास पडद्यासमोर जातात. रात्री तोच पडदा मुलाच्या ताब्यात. तो इंजिनिअरिंगला आहे आणि माझ्यापेक्षा जवळजवळ फूटभर उंच. टेबल एक, खुर्ची एक, माणसं दोन. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

आधीचा मॉनिटर साडेआठ हजारांचा. बारीक कडा, दिसायला झकास. पण त्याला खालीवर होणं माहीत नव्हतं, नुसता मागेपुढे कलायचा. मुलासाठी त्याच्याखाली पाच दिवाळी अंक रचले होते. त्यातला एखादा वाचायला काढायचा तर आधी मॉनिटर उचला. दोन वर्षांतच मानेचा स्क्रू ढिला झाला आणि पडदा शिक्षा झालेल्या पोरासारखा मान खाली घालू लागला. वॉरंटी होती, पण कंपनीचं सेवा केंद्र नागपुरात नव्हतं. ‘खोक्यात भरून पुण्याला पाठवा,’ म्हणाले. खोकं केव्हाच भंगारवाल्याकडे गेलेलं.

त्या काळात एक पत्रिका माझ्या हातून चुकली. ‘चि. सौ. कां.’मधल्या ‘कां’वरचा अनुस्वार उडाला आणि तीनशे पत्रिका छापून झाल्यावर वधूच्या काकांना तो दिसला. कागद आणि छपाई माझ्या खिशातून गेली. दोष पडद्याचा की माझ्या नजरेचा, यावर घरात अजून एकमत नाही. पण नवीन मॉनिटर घ्यायचं त्याच दिवशी ठरलं.

बजेट पंधरा हजार. यशवंत स्टेडियमजवळच्या दुकानांत दोन दुपारी घातल्या. दुकानदार पहिल्यांदा २७ इंचीच दाखवतात. ‘ताई, एवढ्याच पैशात मोठा भेटते, छोटा काऊन घेता?’ पडदा मोठा असतो, पण ठिपके (पिक्सेल) तेवढेच: १९२० गुणिले १०८०. २४ इंचात एका इंचात साधारण ९२ ठिपके बसतात, २७ इंचात ८२च्या आसपास. सिनेमा पाहायला काही फरक पडत नाही. देवनागरीला पडतो. मी पेनड्राइव्हवर माझंच एक पान नेलं होतं. ‘राष्ट्र’, ‘उद्ध्वस्त’, ‘दुसऱ्या’ हे शब्द १०० टक्क्यांवर दोन्हीकडे उघडून पाहिले. मोठ्या पडद्यावर ‘ऱ्या’मधला अर्धा र आणि ‘ष्ट्र’चं बूड गिजबिजलेलं दिसलं. निर्णय तिथेच झाला: २४ इंची, आयपीएस पॅनल (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा पडदा). इंग्रजी मजकुरावर पडदा पारखून आपल्या कामाचा अंदाज येत नाही, आपलं पान न्यावं.

आता स्टँड. दुकानदार हसला. ‘स्टँड पाहून मॉनिटर कोण घेते, ताई?’ मी घेते. कंपन्या स्वस्त मॉनिटरमध्ये पहिली काटछाट स्टँडवरच करतात, कारण ती जाहिरातीच्या फोटोत दिसत नाही. ऑफिससाठी बनवलेल्या मालिकांत, म्हणजे डेलची पी, एचपीची ई, लेनोव्होची थिंकव्हिजन टी, उंची बदलणारा स्टँड बहुतेक वेळा मिळतो. मी ऑफिससाठीचाच एक साडेचौदा हजारांना घेतला. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मॉडेलं बदलत राहतात, पारखायची रीत तीच राहते.

सगळे सांगतात की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी. माझ्यासारखा प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर) लागला की हा सल्ला उलटतो. जवळचं आणि मधल्या अंतरावरचं दिसतं ते काचेच्या मधल्या आणि खालच्या भागातून. पडदा उंच असला की माणूस नकळत हनुवटी वर करतो आणि संध्याकाळपर्यंत मान आखडते. माझं दुखणं तेच होतं. मुलासाठी रचलेल्या दिवाळी अंकांवर पडदा चढवून मी मान मोडून घेत होते! म्हणून स्टँड किती वर जातो याइतकंच किती खाली येतो हेही पाहा. माझा मॉनिटर १५ सेंटीमीटर खालीवर सरकतो. अगदी खाली आणला की खालची कड टेबलापासून चार बोटांवर येते. तसा ठेवून वरची बाजू थोडी मागे कलवली. मानेला फरक पडायला तीन आठवडे लागले.

आठ महिन्यांत स्टँड दिवसातून दोनदा तरी खालीवर झाला असेल. सोडला तिथे थांबतो, सरकत नाही. दुकानात हीच परीक्षा घ्यावी: मध्यावर सोडायचा, टेबलावर जरा जोरात टाइप करायचं आणि पडदा डुलतो का ते पाहायचं.

एक तपासणी मुलाने केली. पडद्याचा उजेड अगदी कमी करून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं. दोन मॉनिटरवर काळे पट्टे सरकताना दिसले, म्हणजे त्यांचा पडद्यामागचा दिवा (बॅकलाइट) भराभर चालू-बंद होत होता. काहींचं डोकं त्याने दुखतं. असे दोन्ही बाद केले.

स्वस्तातला मॉनिटर आणि वेगळा आर्म (टेबलाच्या कडेला आवळून मॉनिटर धरणारा हात) असाही बेत होता. त्यासाठी मागे चार भोकं लागतात, १०० बाय १०० किंवा ७५ बाय ७५ मिलिमीटरवर, आणि बऱ्याच पातळ मॉनिटरना ती नसतात. शिवाय माझं टेबल पार्टिकल बोर्डचं. क्लॅम्प आवळला तर कडच भुगा होईल. कंपन्यांतून निघालेले जुने मॉनिटरही निम्म्या किमतीत पाहिले. काहींच्या मेनूत बॅकलाइट किती तास जळला ते दिसतं. मी पाहिलेल्या एकात आकडा पाच अंकी होता. नमस्कार केला.

या मॉनिटरचा पडदा उभाही फिरवता येतो; घेताना हे चोचले वाटले होते. आता कवितासंग्रह असाच लावते. आडव्या पडद्याची उंची फूटपट्टीने मोजली तर जेमतेम साडे २९ सेंटीमीटर, आणि ए-४ कागद २९.७. म्हणजे खऱ्या मापाचं पान कधीच पूर्ण दिसत नाही, त्यात वरखाली मेनूच्या पट्ट्या. उभ्या पडद्यावर पान मावून खाली निम्म्याहून जास्त दुसरं पान दिसतं. पण उभ्यात अक्षरांच्या कडा किंचित रंगीत दिसतात, कारण लाल-हिरवे-निळे उपठिपके आडवे होतात. शेवटचं प्रूफ मी आडव्यावरच वाचते. फिरवताना केबल ताणली जाते, मला दोन मीटरची वेगळी घ्यावी लागली. स्पीकर नाहीत, मुलाची कुरकुर तेवढीच.

उन्हाळा ही खरी परीक्षा. माहितीपत्रकात ४० अंशांपर्यंत वापरा असं लिहिलंय, आणि आपल्याकडे बाहेरच ४५. कूलरमुळे खोली त्या मर्यादेत राहिली. चूक माझी झाली ती वेगळीच: कूलर पडद्याच्या सरळ रेषेत होता. बोअरच्या जड पाण्याचे तुषार उडून पडद्यावर पांढरे बारीक ठिपके पडले आणि मी ते कोरड्या फडक्याने घासायला गेले. मुलाने हात धरला म्हणून ओरखडे वाचले. पडदा बंद करून थंड होऊ दिला, इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर मऊ कापडावर घेऊन हलक्या हाताने पुसलं. पाणी पडद्यावर कधी शिंपडू नये, ते ओघळून खालच्या कडेतून आत शिरतं. कूलर आता दाराकडे आहे.

खोकं यावेळी माळ्यावर जपून ठेवलंय. आणि स्टँडच्या दांड्यावर मी एक टिकली चिकटवली आहे, माझ्या उंचीची खूण. सकाळी चहा घेऊन बसले की आधी पडदा टिकलीपर्यंत खाली ओढते. मुलाला त्याची खूण कर म्हटलं, तर म्हणाला, ‘आई, माझं सोपं आहे. जाईल तिथपर्यंत वर.’