फळ्या बसल्या, ओटा मात्र ओलाच

वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी जुन्या बाजारओळीतल्या तीन दुकानांची दर्शनी बाजू सुतार-गवंड्यांच्या एका टोळीनं दुरुस्त केली. त्या कामावरून एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला आहे. आता गुण द्यायला हरकत नाही. लाकूडकामाला दहापैकी नऊ, चुन्याच्या कामाला सहा आणि पाण्याच्या निचऱ्याला दोन, तेही दयेपोटी.

दुकानांची बांधणी आपल्याकडच्या जुन्या पेठांत दिसते तीच: दगडी ओटा, त्यावर सागवानी खांबांची छपरी, आत फळ्यांनी बंद होणारं दुकान, वर बुटकी माडी आणि कवेलूचं छप्पर. शटर आल्यापासून फळीची दुकानं झपाट्यानं गेली, आणि शटरची पेटी बसवायला कित्येकांनी मयालच, म्हणजे दुकानाच्या तोंडावरची आडवी तुळईच, कापली. या तीन दुकानांच्या मालकांनी ती कापू दिली नव्हती, म्हणून दुरुस्त करण्यासारखं काही उरलं होतं.

फळीच्या दुकानाची करामत दोन खाचांत आहे. वरची खाच खोल, साधारण सव्वा इंच. खालची उंबऱ्यातली उथळ, अर्धा इंच. फळी आधी वर सारायची, मग खाली सोडायची. खाली बसली तरी तिचं डोकं वरच्या खाचेत अडकलेलं राहतं, म्हणून ती बाहेरून ओढून निघत नाही. प्रत्येक फळीच्या डोक्याला पटाशीनं मारलेल्या खुणा असतात, एक रेघ, दोन रेघा अशा. क्रम चुकला तर शेवटच्या फळीला जागा उरत नाही, आणि अडसराचं भोक त्या शेवटच्याच फळीत असतं.

आता मयाल मधोमध वाकली की वरची खाच खाली येते आणि फळी आत जाईनाशी होते. अशा वेळी गावातला कोणीही रंधा काढतो आणि फळीचं डोकं तासतो. नेमकं इथेच बिघडतं. डोकं तासलेली फळी पुढे मयाल सरळ केल्यावर आखूड पडते आणि नुसत्या धक्क्यानं बाहेर येते. या टोळीनं जुन्या फळ्यांना हातही लावला नाही. मयालीखाली लोखंडी टेकू आणि स्क्रू-जॅक लावून दिवसाला एक सूत (इंचाचा आठवा भाग), फार तर दोन सूत, अशी ती उचलली. घाईनं उचलली असती तर माडीच्या भिंतीला तडा गेला असता. एका दुकानात मयालीचं भिंतीतलं टोक उधईनं पोकळ केलं होतं. तेवढाच हातभर भाग कापून जुन्याच सागाचा तुकडा तिरप्या सांध्यानं जोडला, आरपार दोन बोल्ट घातले, आणि टोकाभोवती भिंतीत बोटभर मोकळी जागा ठेवली. वारा लागला नाही तर तेच टोक पुन्हा कुजतं. सांधा दाखवल्याशिवाय दिसत नाही.

नव्या फळ्या घालताना त्यांनी पांढरा रसकाठाचा, म्हणजे सालीलगतचा, भाग काढून टाकला. उधई आधी तोच खाते. दोन फळ्यांत एक सूत फट ठेवली, हेही बरोबर. मे महिन्यात फट पाहून फसवल्यासारखं वाटेल, पण श्रावणात तीच फळी फुगून ती भरून काढते. चूक एकच: उंबऱ्याची नवी खाच दोन्ही टोकांना बंद ठेवली. तिच्यात धूळ साचते, पाणी साचते, फळीचा तळ भिजत राहतो. टोकांशी बोटाएवढं तिरपं भोक पाडलं तरी पुरतं. पाच मिनिटांचं काम आहे, सांगून करवून घ्या.

लाकडाला ऑइलपेंट न फासता उकळलेलं जवसाचं तेल दिलं, पहिल्या हाताला निम्मं टर्पेंटाइन घालून. त्याबद्दल शाबासकी. पण तेलाची फडकी पोत्यात कोंबून छपरीच्या कोपऱ्यात ठेवलेली होती, हा शुद्ध निष्काळजीपणा. जवसाचं तेल वाळताना तापतं. बोळे एकावर एक दाबले तर आपोआप पेट घेतात, त्यात आपल्याकडचं ऊन. फडकी पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या डब्यात टाका.

चुन्याकडे वळू. कळीचा चुना टाक्यात विझवून पंधरा-वीस दिवस मुरवला होता. एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी), दोन भाग वाळू असा माल. सुरखी कच्च्या भाजणीच्या विटांची हवी, जास्त भाजलेल्या झामा विटेची चालत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कार्तिक-मार्गशीर्षात गिलावा केलेल्या दोन दुकानांवर नख रोवून पाहा, उमटत नाही. तिसरं मालकाच्या घाईपायी एप्रिलात उरकलं. तिथे तळवा फिरवला की वाळू हाताशी येते आणि भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा आहेत. चुना धरायच्या आधीच पाणी उडून गेलं. ओला बारदाना दहा-बारा दिवस टांगून ठेवला असता तर कदाचित निभावलं असतं. मालक कितीही मागे लागला तरी उन्हाळ्यात नाही म्हणणं हे कारागिराचं काम.

आणि आता तो ओटा. गावातला सिमेंट रस्ता दर वेळी जुन्यावरच चढवला, त्यामुळे ओट्याच्या तीन पायऱ्यांपैकी एकच वर उरली आहे. पावसाचं पाणी रस्त्यावरून सरळ जोत्याकडे येतं. टोळीनं यावर उपाय म्हणून भिंतीचा खालचा दीड फूट सिमेंटनं गिलावला. ओल आत कोंडली, सिमेंटच्या पट्ट्यामागून वर चढली, आणि बरोबर दोन फुटांवर पांढरा लोणा (खार) फुटला. वरचा चांगला चुनाही तिथे पापुद्र्यानं सुटतो आहे. खाली काळी माती असली तर जोत्याशी मुरणारं पाणी आणखी महाग पडतं, कारण ती फुगते, आकसते आणि भिंत हलवते. आधी ओट्यापुढे फरशीची उतार असलेली नाली काढायची, सिमेंटचा पट्टा खरवडून चुना लावायचा, मग बाकीचं.

छपरावर फारसं सांगण्यासारखं नाही. इंग्रजी कवेलू (मूळचे समुद्रकाठच्या मंगळूरचे, तिथे बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं १८६० च्या दशकात कारखाना काढला) शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास लागतात. वानरांसाठी पंधरा-वीस जादा घेऊन ठेवा. टोळीनं दोन वेगळ्या साच्यांचे कवेलू एकाच ओळीत मिसळले. त्यांच्या खाचा जुळत नाहीत, म्हणून तिथे गळतं. कवेलू फेरायला गावातलाच माणूस बोलवा.

लाकडाचं बिल हे टोळीवाले घनफुटावर लावतात, कापणीतली घट धरून. उतरवलेलं जुनं सागवान मालकाचं, ते मोजून आपल्या ताब्यात घ्या. बिजागऱ्या आणि कडी-कोयंडेही. पावसाळ्यानंतर एकदा फुकट येऊन फळ्या जुळवून देऊ, असं ते म्हणतात आणि येतातही. फक्त भादव्यात बोलावू नका. तेव्हा फळ्या फुगलेल्या असतात, तासून दिल्या की मे महिन्यात पलीकडचं दिसेल. दिवाळी उलटल्यावर बोलवा.