फोर्साइथ की डॉसन: हायस्कूलच्या चार वर्षांसाठी घर कुठे घ्यावं?

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाहून जीए ४०० हा महामार्ग धरून उत्तरेला निघालं की अल्फारेटा संपल्यावर फोर्साइथ काउंटी (म्हणजे जिल्हा) लागते आणि ती ओलांडली की डॉसन. गेल्या काही वर्षांत इथे येणारी, आठवी-नववीतली मुलं असलेली मराठी कुटुंबं मला एकच प्रश्न विचारतात. दक्षिण फोर्साइथमध्ये भिंतीला भिंत लागेल असं महाग घर घ्यायचं, की तेवढ्याच पैशांत डॉसनमध्ये झाडीतलं, मोकळ्या जागेचं? मी दक्षिण फोर्साइथमध्ये राहते. माझी दोन्ही मुलं इथल्याच पब्लिक हायस्कूलमधून बाहेर पडली. डॉसनमध्ये जवळची दोन घरं आहेत, त्यांच्याकडे येणं-जाणं असतं. त्यामुळे दोन्हीकडचं जे पाहिलं ते सांगते.

आधी दोन आकडे, कारण माझं बरंचसं म्हणणं त्यांच्यावर उभं आहे. १९८० च्या जनगणनेत फोर्साइथची लोकसंख्या होती २७,९५८ आणि अख्ख्या काउंटीला एकच पब्लिक हायस्कूल होतं. २०२० मध्ये डॉसनची लोकसंख्या भरली २६,७९८, आणि तिथेही डॉसन काउंटी हायस्कूल हे एकच. म्हणजे डॉसन आज तिथे आहे, जिथे फोर्साइथ चाळीस वर्षांपूर्वी होती. दरम्यान फोर्साइथ २,५१,२८३ वर पोचली. साउथ फोर्साइथ हायस्कूल १९८९ मध्ये उघडलं, नॉर्थ १९९४ मध्ये, वेस्ट २००७ मध्ये, लॅम्बर्ट २००९ मध्ये, डेन्मार्क आणि अलायन्स अकॅडमी दोन्ही २०१८ मध्ये, ईस्ट फोर्साइथ २०२१ मध्ये. ज्यांनी हिंजवडीत भाताची खाचरं पाहिली आणि नंतर तिथेच कंपनीच्या बसची वाट पाहिली, त्यांना हा वेग समजावून सांगायला नको.

डॉसनही वाढतेच आहे. १९८० मध्ये तिथे पुरती पाच हजार माणसंही नव्हती. पण ती थेट फोर्साइथसारखी होईल असं मला वाटत नाही. एका अंगाला लेक लेनियर, दुसऱ्या अंगाला ॲपलाचियनचे डोंगर आणि ॲमिकलोला धबधबा, आणि मध्ये दहा हजार एकरांच्या आसपास जंगल, जे चक्क अटलांटा शहराच्या मालकीचं आहे. दुसरा विमानतळ बांधायचा म्हणून शहराने ती जमीन घेतली होती. विमानतळ झालाच नाही, जंगल मात्र राहिलं. एवढी जमीन वस्तीसाठी मोकळी नसली की काउंटी एका मर्यादेत वाढते.

आता शाळा. काउंटीत एकच हायस्कूल असलं की ती नुसती शाळा राहत नाही, हे मला डॉसनमध्ये पहिल्यांदा कळलं. ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी मैत्रिणीकडे गेले होते. तिचा मुलगा मार्चिंग बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो, म्हणून आम्ही सगळे स्टेडियमवर गेलो. खाण्याच्या खिडकीत बूस्टर क्लबच्या, म्हणजे शाळेच्या बँड-खेळांना मदत करणाऱ्या पालकांच्या गटाच्या, आया उभ्या होत्या. तिथली एक बाई हॉट चॉकलेटचा कप देता देता मैत्रिणीला म्हणाली, "आज तुझा मुलगा दुसऱ्या रांगेत आलाय, पाहिलंस का?" मैत्रिणीने सांगितलं, ही त्याची बसची ड्रायव्हर. पलीकडे आजोबांच्या वयाचे चार-पाच जण त्याच शाळेच्या जुन्या जॅकेटांत बसलेले. निळ्या कॉर्डरॉयची, पाठीवर सोनेरी अक्षरांत राज्याचं नाव असलेली जॅकेटं घातलेली काही मुलं होती. शेती शिकणाऱ्या मुलांची एफएफए ही देशभरची संघटना आहे, तिची ती जॅकेटं. मैदानावर कोण हरतंय याकडे निम्म्या लोकांचं लक्ष नव्हतं. कुणाचं घर विकलं, कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन झालं, नवीन रस्ता कुठून जाणार, हे सगळं तिथे चाललं होतं. आपल्याकडे गावच्या जत्रेत चालतं तसंच.

दक्षिण फोर्साइथच्या शाळांतही शुक्रवारचे सामने होतात, बँड तर फार मोठे आणि तयारीचे असतात. पण तिथे मूल एका मोठ्या यंत्रणेत असतं. ही यंत्रणा उत्तम आहे, हे मी मनापासून सांगते. एपी म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांची यादी वाचताना दम लागतो. साउथ फोर्साइथ हायस्कूलमध्ये आयबी डिप्लोमा हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम करता येतो. लॅम्बर्टची मुलं आयजेम या जीवशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरतात. अलायन्स अकॅडमी तर एखादं क्षेत्र धरून शिकणाऱ्या मुलांसाठीच काढलेली शाळा आहे. माझ्या मोठ्या मुलीला याचा पुरेपूर फायदा झाला. तिला काय हवं ते तिला आठवीतच माहीत होतं आणि ते शिकवणारा शिक्षक त्याच इमारतीत होता.

धाकट्याची गोष्ट वेगळी. टेनिस त्याला मनापासून आवडायचं. दोन वर्षं निवड चाचणी दिली, दोन्ही वर्षं यादीत नाव नाही. शाळेचा दोष नाही. सहा-सात वर्षांचे असल्यापासून खासगी कोचिंग घेतलेली मुलं समोर असली की काय होणार? तिसऱ्या वर्षी त्याने रॅकेट कपाटावर ठेवली ती ठेवलीच. मुलं कमी असलेल्या शाळेत तो संघात असता, कदाचित शेवटचा खेळाडू म्हणून, पण बसमधून इतरांबरोबर गेला असता. हे मला त्या वेळी सुचलं नाही. म्हणून विचारायला येणाऱ्यांना मी आधी मुलाबद्दल विचारते, घराच्या बजेटबद्दल नंतर.

डॉसनमध्ये एपी आहेत, पण निवड कमी. एखाद्या विषयाला पुरेशी मुलं जमली नाहीत तर तो वर्ग त्या वर्षी भरत नाही, हे लहान शाळेत गृहीतच धरायचं. ही उणीव बऱ्यापैकी भरून निघते ती ड्युअल एन्रोलमेंटने. हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे विषय घ्यायचे, फी राज्य भरतं. २०२० पासून त्याला तीस क्रेडिट-तासांची मर्यादा आहे, तरी कॉलेजचं साधारण एक वर्ष होतंच. युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ जॉर्जियाचं मुख्य आवार डालोनेगाला, म्हणजे डॉसनच्या शेजारच्याच काउंटीत आहे, आणि दुसरं आवार फोर्साइथमधल्याच कमिंगला. गाडी चालवणारं, वेळ पाळणारं मूल असेल तर हा रस्ता फार चांगला. मात्र रोज सकाळी ढकलावं लागणाऱ्या मुलासाठी तो नाही.

बऱ्याच पालकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट इथे सांगते. जॉर्जियातल्या मान्यताप्राप्त हायस्कूलमधून पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाने उत्तीर्ण होणाऱ्यांना, त्या वर्षीच्या बॅचमध्ये किमान पन्नास मुलं असतील तर, जॉर्जिया टेकमध्ये प्रवेशाची हमी असते. क्रमांक शाळेगणिक दोनच. बॅचमध्ये अडीचशे मुलं असोत की सातशे, जागा दोनच. म्हणजे डॉसनमध्ये गेलं की पहिला नंबर आपलाच, असं अजिबात नाही. तिथली हुशार मुलंही तितकीच जिद्दीची आहेत, आणि तिसऱ्या क्रमांकाला कुठेही हमी नाही. पण दक्षिण फोर्साइथमध्ये सगळे 'ए' असलेलं मूलही क्रमवारीत कुठेतरी मागे असतं आणि त्याचा मनावर परिणाम होतो. मी तो जेवणाच्या टेबलावर पाहिला आहे.

होप शिष्यवृत्ती मात्र दोन्हीकडे सारखीच. १९९३ पासून लॉटरीच्या पैशांवर चालते, किमान जीपीए (गुणांची सरासरी) ३.० लागतो आणि तो राज्य स्वतःच्या पद्धतीने पुन्हा मोजतं. पण ती अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसारखे पात्र रहिवासी यांनाच मिळते. एच-४ वर, म्हणजे आई-वडिलांच्या कामाच्या व्हिसाबरोबर मिळणाऱ्या कुटुंबाच्या व्हिसावर असलेल्या आपल्या मुलांना नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-दहा वर्षं उभ्या असलेल्या कुटुंबांना हे बारावीत कळतं तेव्हा फार लागतं. तुमचं तसं असेल तर घराचा हप्ता ठरवताना कॉलेजच्या फीचे पैसे आधी बाजूला काढा, मग दोन्हीपैकी कुठलीही काउंटी घ्या.

हद्दींचं काय? इथे पत्त्यावरून शाळा ठरते. फोर्साइथमध्ये नवीन हायस्कूल उघडलं की आजूबाजूच्या हद्दी नव्याने आखाव्या लागतात. शाळेच्या नावासाठी जास्त पैसे मोजून घर घेतलं, म्हणजे ते नाव धाकट्या मुलापर्यंत टिकेलच असं नाही. डॉसनमध्ये हा प्रश्नच नाही. काउंटीत कुठेही घर घ्या, हायस्कूल एकच. दुसरं कधी निघालं तर बघू.

मालमत्ता कराच्या बिलात सगळ्यात मोठा वाटा शाळांचा असतो, हे दोन्हीकडे सारखं. इमारतींसाठी मात्र वेगळा एक टक्का विक्रीकर असतो, मतदारांनी मंजूर केलेला. आणि इथे डॉसनचं एक नशीब आहे. तिथलं मोठं आउटलेट मॉल. शनिवार-रविवारी अर्धी अटलांटा तिथे बूट-कपडे घ्यायला जाते, आपणही जातो, आणि त्या प्रत्येक पावतीतला एक टक्का डॉसनच्या शाळांच्या बांधकामाला मिळतो. लहान काउंटीला एवढे बाहेरचे गिऱ्हाईक मिळणं ही छोटी गोष्ट नाही.

आता आपल्या माणसांचा विषय. २०२० च्या जनगणनेत फोर्साइथमध्ये साधारण पाचात एक जण आशियाई वंशाचा होता. डॉसनमध्ये शंभरात दोनसुद्धा नाहीत. दक्षिण फोर्साइथमध्ये मुलाला वर्गात आदित्य आणि अनन्या भेटतात, कोथिंबिरीची जुडी पाच मिनिटांवर मिळते, ढोल-ताशाचा सराव घरापासून लांब नसतो. डॉसनहून अटलांटाच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाला यायचं तर दिवस त्यातच जातो. शाळा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते, त्यामुळे गणपती नेहमी परीक्षा-प्रोजेक्टच्या गर्दीतच येतात.

रंग वेगळा म्हणून काही त्रास होईल का, हा प्रश्न बायका मला बाजूला घेऊन विचारतात. तो थेट विचारायला हवा. ज्या फोर्साइथमध्ये आज आपण इतक्या निवांतपणे राहतो, तिथून १९१२ मध्ये हजाराहून अधिक कृष्णवर्णीयांना धमक्या देऊन, घरं जाळून हुसकावून लावलं होतं. १९८७ च्या जानेवारीत त्याविरुद्ध काढलेल्या छोट्या मोर्चावर दगड-बाटल्या फेकल्या गेल्या, आणि आठवड्याभरात सुमारे वीस हजार लोक पुन्हा मोर्चा घेऊन कमिंगला आले. आपलं पहिलं घर इथे झालं ते त्या लोकांमुळेही, हे मी माझ्या मुलांना सांगितलं आहे. डॉसनबद्दल माझा अनुभव एवढाच, की लोक आधी टक लावून बघतात, मग विचारतात, मग मदतीला येतात. मैत्रिणीच्या घराची वीज वादळात तीन दिवस गेली तेव्हा शेजारच्या कोंबड्यांच्या शेडवाल्याने न विचारता जनरेटर आणून लावला. पण तिच्या मुलाला पहिलं वर्षभर "तू नक्की कुठला?" याचं उत्तर द्यावं लागलं. काही मुलांना त्याने बळ येतं, काही मिटून जातात.

प्रवासाचं थोडक्यात. मार्टा या अटलांटाच्या सार्वजनिक वाहतुकीची रेल्वे अल्फारेटाच्या अलीकडेच, नॉर्थ स्प्रिंग्जला संपते, त्यापुढे सगळं गाडीवर. आठवड्यातून चार-पाच दिवस अल्फारेटाच्या खाली ऑफिसला जायचं असेल तर डॉसनहून ते झेपत नाही. शाळेचा कार्यक्रम साडेसहाला असतो आणि आपण तेव्हा रस्त्यावर अडकलेले असतो.

मग माझं मत काय? मुलाला स्वतःचा विषय सापडलेला आहे आणि स्पर्धेने ते फुलतं, तर दक्षिण फोर्साइथ. घर लहान चालेल. मूल गर्दीत हरवतं, हाताने काहीतरी करायला आवडतं, बँड-खेळ-नाटकात असावंसं वाटतं, आणि दोघांपैकी एकाला घरून काम करता येतं, तर डॉसन. तिथे आयांनीही थोडं पुढे व्हायला हवं. बूस्टर क्लबच्या खिडकीत उभं राहिलं की गाव आपलं होतं. मूल अकरावीत असेल तर कुठेच हलू नका, भाड्याने राहा. आणि मूल अजून बालवाडीत असेल, तर डॉसनची आजची शाळा बघून घर घेऊ नका, कारण तुम्ही तिथे पोचाल तेव्हा ती बदललेली असेल.

या दोन्हींच्या मध्ये नॉर्थ आणि ईस्ट फोर्साइथचा भाग आहे. फोर्साइथच्याच शाळा, पण अजून कुरणं आणि लाल मातीचे बांध दिसतात. आपले लोक तिकडे फारसे बघत नाहीत. मला वाटतं, बघायला हवं.

करारावर सही करण्याआधी पत्ता शाळेच्या जिल्हा कार्यालयात स्वतः विचारा, एजंटच्या तोंडी सांगण्यावर राहू नका. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधले दोन शुक्रवार राखून ठेवा, एक इकडच्या स्टेडियमवर, एक तिकडच्या. मुलाला बरोबर न्या, पण त्याच्या शेजारी बसू नका. थोडं मागच्या पायरीवर बसा. डॉसनला जाताना रस्त्याकडेला उकडलेल्या शेंगा मिळतात, खारट, गरम, अगदी आपल्यासारख्या. दोन पिशव्या घ्या, एक त्याच्या हातात द्या, आणि मध्यंतराला ती कुणाबरोबर संपली ते बघा.