रॉकेटचं काम धरायचं तर अग्निकुलचं की स्कायरूटचं? या दोन खासगी रॉकेट कंपन्यांबद्दल, बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपसाठी

इंजिनाची ताकद किती, याच्याशी जॉब (ऑर्डरचा पार्ट) करणाऱ्याला फारसं देणंघेणं नसतं. ड्रॉइंग किती महिने टिकणार आणि कुठला पार्ट बाहेर देणार, एवढं आधी बघायचं.

याची दोन टोकं अमेरिकेत दिसतात. स्पेसएक्स रॅप्टर इंजिन बनवते, पेटवते, फुटलं की पुढचं बनवते. रॅप्टर ३ मध्ये बाहेरच्या कितीतरी पाइपा इंजिनाच्या अंगातच घेतल्या. अशा ठिकाणी काल पास झालेला जॉब आज भंगारात. ब्लू ओरिजिननं बीई-४ इंजिनावर २०११ पासून सावकाश काम केलं आणि ते उडालं जानेवारी २०२४ मध्ये. तरी जून २०२३ मध्ये एक इंजिन चाचणीत फुटलंच.

अग्निकुल (चेन्नई) पहिल्या टोकाकडे झुकते. अख्खं इंजिन एका तुकड्यात थ्रीडी प्रिंट करून ३० मे २०२४ ला त्यांनी श्रीहरिकोटाहून उड्डाण केलं. ओतकामाचा पॅटर्न नाही, वेल्डिंग नाही, त्यामुळे डिझाइन बदलणं त्यांना स्वस्त पडतं. फाउंड्रीवाल्यांना इथं काम नाही. मशीन शॉपला मात्र प्रिंटिंगनंतरचं काम आहे, आणि ते नाजूक आहे. अशा इंजिनांना इन्कोनेलसारखा निकेलचा मिश्रधातू लागतो. आधी कूलिंग चॅनलमधली (इंजिनाची भिंत थंड ठेवणाऱ्या बारीक वाटांमधली) प्रिंटिंगची उरलेली पावडर पूर्ण झाडायची. एक चॅनल जरी तुंबला तरी तिथली भिंत जळून भोक पडतं. मग ज्या प्लेटवर प्रिंट झालं त्या प्लेटसकट स्ट्रेस रिलीव्ह (तापवून आतला ताण काढणं), त्यानंतरच वायरकटनं प्लेटपासून सोडवायचं. हा क्रम उलटा केला की जॉब वाकतो आणि फ्लँज जुळत नाही. मशीनिंगला कार्बाइड इन्सर्ट (टूलची कापणारी टिकली) मिनिटाला ३०-४० मीटरच्या आसपास चालवा, फीड मध्येच थांबवू नका. टूल जागेवर घासलं की तिथली कातडी कडक होते आणि पुढच्या कटला इन्सर्ट जातो. प्रिंटचा पृष्ठभाग खडबडीत, डेटम (मापाचा आधार) धरायला जागाच नसते. तेव्हा मॉडेलमध्येच मशीनिंग पॅड ठेवा, असं डिझायनरला आधीच सांगा.

स्कायरूट (हैदराबाद) प्रिंटेड इंजिनंही बनवते. पण १८ नोव्हेंबर २०२२ चं विक्रम-एस घन इंधनाच्या कलाम-८० मोटरवर उडालं आणि विक्रम-१ चे खालचे तिन्ही टप्पे घन इंधनाचेच. घन मोटर एकदा पेटवली की संपली, म्हणून चाचण्या मोजक्या आणि ड्रॉइंग लवकर गोठतं. अशा मोटरला मशीन शॉपकडून लागतात ते केसिंगच्या (मोटरच्या बाहेरच्या नळकांड्याच्या) टोकाच्या रिंगा, नोझलचं हाउसिंग, इग्नायटरची बॉडी आणि इंधन ओतायचा मँड्रेल, म्हणजे इंधनात मधली पोकळी ठेवणारा दांडा. मँड्रेलच्या फिनिशला हलकं घेऊ नका. काढताना तो अडकला तर इंधनाला तडा जातो, जळणारं क्षेत्रफळ वाढतं, दाब चढतो आणि केसिंग फुटू शकतं.

हायड्रॉलिकचा जॉब तेल लावून पॅक करायची आपल्याकडची सवय अग्निकुलसारख्या द्रव इंधनाच्या इंजिनातल्या द्रव ऑक्सिजनच्या पार्टला मात्र घातक. तेलाचा पुसटसा थर उणे १८३ अंशांतही ऑक्सिजनशी पेट घेऊ शकतो. डिग्रीझिंग, अल्ट्रासॉनिक धुलाई, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली तपासणी आणि सीलबंद पिशवी, एवढं केल्याशिवाय पार्ट बाहेर पाठवू नका.

धुलाईची वेगळी खोली नसेल तर घन मोटरच्या रिंगा आणि मँड्रेलपासून सुरुवात करा. खोली आणि पाच-अक्षी मशीन असेल तर प्रिंटेड इंजिनाच्या कामाला भाव चांगला मागता येतो. मटेरियलचा हीट नंबर (धातूच्या घाण्याचा क्रमांक), सीएमएम (मापं तपासणारं यंत्र) रिपोर्ट आणि एएस९१०० हे एरोस्पेसचं गुणवत्ता प्रमाणपत्र दोन्हीकडे विचारतील असं धरूनच चला. हत्तरगीच्या एरोस्पेस एसईझेडला माल दिलेल्यांना ही कागदपत्रं नवी नाहीत. प्रिंटेड कामाचा दर नगावर लावू नका, सेटअपच्या तासावर लावा, आणि रिव्हिजन बदलली तर झालेल्या कामाचे पैसे कोण देणार ते पीओतच (खरेदी ऑर्डरीत) लिहून घ्या.