दाट पाणगवतातल्या मस्कीसाठी एक औंसाचे स्पिनरबेट : दोन हंगामांनंतरचा अभिप्राय

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या पश्चिमेला असलेल्या मिनेटोंका सरोवरात 1987 साली युरेशियन मिलफॉइल ही उपरी पाणवनस्पती आढळली. तेव्हापासून तिने तिथल्या खाड्यांमध्ये असे काही ठाण मांडले आहे की जुलै उजाडला की दहा-बारा फूट खोलीतूनही तिचे शेंडे पृष्ठभागाला टेकतात. मस्कीला, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या शिकारी माशाला, ही जागा भलतीच मानवते. पाणगवताच्या कडेला किंवा आतल्या एखाद्या मोकळ्या फटीत ती ओंडक्यासारखी निश्चल उभी राहते आणि भक्ष्य टप्प्यात आले की झेप घेते. आपल्याकडच्या तळ्यांतली मरळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रीत वेगळी सांगायला नको. अडचण असते ती आपली. मस्कीसाठी सर्रास वापरले जाणारे बकटेल हे आमिष, म्हणजे पुढे मोठी पाती आणि मागे केसांच्या झुपक्यात दडवलेले तिहेरी गळ, अशा ठिकाणी टाकले की दर फेकीला मूठभर गवत घेऊन परतते. या प्रकाराला कंटाळून मी दोन हंगामांपूर्वी हे स्पिनरबेट, म्हणजे फिरत्या पात्यांचे आमिष, घेतले.

ते अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या एका छोट्या कारखान्याचे आहे. पुढे तक्रारीही मांडायच्या आहेत, म्हणून नाव देत नाही. रचना ठरलेलीच आहे : सेफ्टी पिन उघडून धरावी तशी वाकवलेली स्टेनलेस स्टीलची तार, तिच्या खालच्या बाहूवर शिशाचे डोके आणि एकच मोठा गळ, त्यावर सिलिकॉनच्या पट्ट्यांची झालर, आणि वरच्या बाहूवर एकामागे एक दोन पाती. वजन एक औंस, म्हणजे साधारण 28 ग्रॅम, आणि किंमत कर धरून 22 डॉलर. बास माशासाठी मिळणारी स्पिनरबेटे याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत येतात हे खरे, पण त्यांची तार इतकी बारीक असते की पहिल्याच मस्कीच्या जबड्यात तिचा आकार बिघडतो, त्यामुळे तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

या आमिषाची खरी करामत वरच्या बाहूच्या लांबीत आहे. तो गळाच्या टोकाच्या किंचित मागेपर्यंत पोहोचतो आणि गळाचे टोक वर, त्याच्या आडोशाला राहते. त्यामुळे समोरून येणारे गवत आधी तिरप्या तारेला लागते आणि तिच्यावरून घसरत गळाच्या वरून निघून जाते. बाहू आखूड असता तर गळ उघडा पडला असता, आणि फार लांब असता तर माशाचे तोंड मिटताना तोच आडवा आला असता. कॅबेज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रुंद पानांच्या वनस्पतीत हे आमिष अगदी निर्धास्त चालते, कारण ती पाने कुरकुरीत असतात आणि अडकलीच तर रॉडच्या एका झटक्याने तटकन तुटतात. मिलफॉइल आणि कूनटेल या पाणवनस्पतींची गोष्ट वेगळी. त्यांचा एखादा लांब धागा पुढच्या पात्याच्या क्लेविसमध्ये, म्हणजे पाते तारेवर धरून ठेवणाऱ्या चिमुकल्या कडीत, गुंडाळला गेला की पाते थांबते आणि रॉडच्या मुठीत जाणवणारी धडधड एकदम बंद होते. तसे झाले की झटका देऊन पाहावा, नाही तर आमिष सरळ गुंडाळून साफ करावे. मुकी पाती घेऊन बोटीपर्यंत ओढत आणलेली फेक वाया गेलीच म्हणून समजावी.

विकत घेताना दोन्ही पाती कोलोरॅडो, म्हणजे गोलसर, होती. ती पाणी जोरात ढवळतात आणि आमिषाला उचलून धरतात, त्यामुळे गवताच्या शेंड्यांवरून ते सावकाश नेता येते. मागचे पाते मात्र मी बदलून विलो जातीचे लांबट पाते लावले, कारण ते तारेला लगटून फिरते, चमकते अधिक आणि गवत कमी गोळा करते. पुढचे तारेतच ओवलेले असल्याने बदलता येत नाही.

गेल्या ऑगस्टमधल्या एका ढगाळ संध्याकाळी या जोडीने काम केले. गवतातल्या मोकळ्या फटीवर आमिष आले की मी क्षणभर रीळ थांबवतो, म्हणजे पाती हेलिकॉप्टरसारखी गरगरत ते खाली उतरते. तिथे काहीच घडले नाही, पण बोटीजवळ आल्यावर त्याच्यामागे एक लांब, तपकिरी सावली दिसली. रॉडचे टोक पाण्यात बुडवून मोठा आठचा आकडा काढायला घेतला आणि दुसऱ्या वळणावर तिने आमिष आडवे धरले. भरली 41 इंच. मिनेसोटात 54 इंचांहून लहान मस्की सहसा ठेवता येत नाही आणि मला ती ठेवायचीही नव्हती. एकच गळ जबड्याच्या कोपऱ्यात रुतला होता, तो लांब पकडीने काढून तिला जाळ्यातून सोडायला अर्धा मिनिटही लागला नाही. तिहेरी गळांच्या आमिषाने हेच काम करताना मला एकदा कात्रीने गळ तोडावे लागले होते.

आता तक्रारी. एकच गळ असल्याने झडपा निसटतात, आणि पाकिटातून निघालेल्या गळाचे टोक बोथट असेल तर अधिकच. माझ्या दोन्ही नगांना आधी कानस मारावी लागली. मागे जादा गळ जोडून पाहिला, पण तो गवत धरतो, म्हणजे मूळ फायदाच जातो. दोरी बांधण्याची जागा बंद कडीची नसून नुसते वळण आहे, त्यामुळे लीडरची, म्हणजे दोरी आणि आमिष यांच्यामधल्या मजबूत तुकड्याची, हुकवजा कडी सरकून वरच्या बाहूवर जाते आणि आमिष कलते. रबरी नळीचा छोटा तुकडा चढवून मी ते थांबवले. दुसऱ्या हंगामात मागच्या पात्याचे स्विव्हल, म्हणजे पाते मोकळे फिरू देणारी कडी, गंजून अडकले, ही बाब 22 डॉलरच्या वस्तूत मला खपण्यासारखी वाटत नाही. शिवाय दर माशानंतर तार सरळ करावी लागते आणि एकाच जागी वारंवार वाकवलेली तार शेवटी थकते. पहिल्या नगाचा वरचा बाहू तर एका फेकीतच तुटून पाण्यात उडाला. कारखान्याला लिहिले, उत्तर आलेले नाही.

ज्यांच्याकडे साडेआठ फुटी रॉड आणि 80 पौंडी विणलेली दोरी आहे, त्यांनी हे घ्यायला हरकत नाही. हलक्या सामानाने गवतातून मस्की ओढून काढता येत नाही. मिलफॉइलची पृष्ठभागावर अखंड चटई झाली असेल तिथे मात्र याचाही निभाव लागत नाही. पाणी 80 अंश फॅरनहाइटच्या वर गेले की मी मस्कीच्या नादी लागत नाही, कारण त्या उष्णतेत दमलेला मासा सोडल्यावरही जगेल याचा भरवसा नसतो. सप्टेंबरअखेर गवत विरळ झाले की मी पुन्हा बकटेल बांधतो. तिसरा नग मागवला आहे, मात्र या वेळी बॉल बेअरिंगची दोन चांगली स्विव्हलेही सोबतच घेतली आहेत.