'एका दिवसात लक्सर, रेल्वेने, गाइडसह': यात पैसे नेमके कुठे जातात

कैरोहून रात्रीच्या गाडीने निघायचं, सकाळी इजिप्तच्या दक्षिणेतल्या लक्सरला उतरायचं, दिवसभर देवळं आणि थडगी बघायची, रात्रीच्या गाडीने परत. बेत म्हणून यात काही खोट नाही. अंतर साधारण ६७० किलोमीटर, गाडीला ९-१० तास लागतात आणि दोन रात्रींचं हॉटेल वाचतं. म्हणून तर ही सहल विकायला इतकी सोपी. मुंबईहून थेट कैरोला उतरणाऱ्या आणि हाताशी मोजकेच दिवस असणाऱ्या माणसाला ती लगेच पटते.

गोम असते व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या वर्णनात. 'एसी ट्रेन', 'स्टेशनवरून पिकअप', 'तीन राजांची थडगी', 'दोन्ही मंदिरं', 'सर्व प्रवेश शुल्क समाविष्ट', 'तज्ज्ञ गाइड'. यातल्या एकाही गोष्टीला नंबर नाही. गाडीला नंबर असतो, सीटला असतो, थडग्यांना तर असतोच असतो आणि गाइडच्या परवान्यालाही असतो. विकणारा जिथे नंबर सांगायचं टाळतो, तिथेच आयत्या वेळी स्वस्तातला माल तुमच्या गळ्यात मारला जातो.

आधी गाडीचं बघू. इजिप्तमध्ये स्लीपर ही वेगळी सेवा आहे: दोन बर्थची बंद केबिन, आत छोटं बेसिन, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता, भाडं डॉलरमध्ये. साध्या एसी गाड्यांत आपल्यासारखे बर्थ नसतात, फक्त खुर्च्या असतात. सर्रास होणारी अदलाबदल अशी: पैसे स्लीपरचे घेतात, हातात सेकंड क्लासच्या खुर्चीचं तिकीट ठेवतात आणि 'स्लीपर फुल्ल झाली' म्हणतात. फरकाचे पैसे परत मिळत नाहीत. फर्स्टचे पैसे घेऊन सेकंडमध्ये बसवणं तर याहून सोपं. ओळखायची खूण साधी आहे: फर्स्टमध्ये एका रांगेत दोन अधिक एक अशा खुर्च्या असतात, सेकंडमध्ये दोन अधिक दोन. खुर्चीत रात्र काढायची असेल तर जाड शाल बरोबर ठेवा, डब्यातला एसी अंगावर येतो.

तिकिटावरचे आकडे अरबी वळणाचे असू शकतात, आणि आपला घोटाळा इथे हमखास होतो. त्यांचा पाच आपल्या शून्यासारखा गोल दिसतो आणि त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. म्हणजे ५० हा आकडा आपल्या डोळ्यांना शून्य आणि टिंब वाटतो. निघण्याआधी एकदा दहाही आकडे लिहून बघा, पंधरा मिनिटांचं काम आहे. सीट शोधताना, रिक्षावाल्याशी बोलताना, बिल तपासताना, सगळीकडे उपयोगी पडतं.

स्टेशनचं नावही लिहून घ्या. दक्षिणेकडच्या गाड्यांसाठी २०२४ मध्ये बश्तीलला नवं स्टेशन सुरू झालं. त्याशिवाय रामसेस आणि गिझा आहेतच. व्हाउचरवर नुसतं 'कैरो स्टेशन' असेल तर तुम्ही चुकीच्या जागी उभे राहता, गाडी निघून जाते आणि मग 'आमची कार आहे' असा फोन येतो. त्या कारचे पैसे अर्थातच वेगळे. फलाटावर 'ही गाडी परदेशी लोकांसाठी नाही' असं सांगणारा माणूस रेल्वेचा असेलच असं नाही. त्याच्याकडून दुसरं तिकीट घेऊ नका, सरळ खिडकीकडे जा.

सगळ्यात मोठी चोरी होते ती वेळेची, आणि ती कुणाच्या लक्षातही येत नाही. गाडी सकाळी सातला पोहोचणार असं धरा. तासभर उशीर ही तिथली नेहमीची गोष्ट. परतीची गाडी संध्याकाळी सातला. स्टेशन नाईल नदीच्या पूर्व काठावर, थडगी पश्चिम काठावर. पूल शहराच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे गाडीने वळसा घालून जायला पाऊण तास तरी जातो, येताना तितकाच. व्हॅली ऑफ द किंग्ज, म्हणजे राजांच्या थडग्यांची दरी, सकाळी सहाला उघडते आणि पाचला बंद होते, तिकीट त्याआधी तासभर थांबतं. यातून नाश्ता, अलाबास्टरचा 'कारखाना', पपायरसची 'संस्था', अत्तराचं दुकान आणि दीड तासाचं जेवण वजा करा. देवळांना आणि थडग्यांना मिळून चार तास उरले तर नशीब.

दुकानात नेणं हा गाइडचा लहरीपणा नसतो, तिथल्या खरेदीवर त्याला आणि ड्रायव्हरला कमिशन मिळतं. सहलीची खरी किंमत ताडायची एक पद्धत आहे. सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक जागेचं आजचं तिकीट बघा, त्यात दोन्ही बाजूंचं रेल्वेभाडं मिळवा. पॅकेज या बेरजेपेक्षा स्वस्त असेल तर उरलेले पैसे दुकानांतून वसूल होणार हे नक्की. आमच्या मते या धंद्यात महाग सहलीपेक्षा स्वस्त सहलीवर जास्त संशय घ्यावा.

आता थडगी. व्हॅलीच्या मूळ तिकिटात तीन थडगी बघता येतात. कोणती उघडी असतील हे बदलत राहतं, पण निवड तुमची असते, गाइडची नाही. व्यवहारात मात्र तो दारापासून सगळ्यात जवळची तीन दाखवतो, कारण उरलेला वेळ दुकानांना लागतो. थुटमोस तिसऱ्याचं केव्ही ३४ (केव्ही म्हणजे किंग्ज व्हॅली, पुढे थडग्याचा नंबर) दरीच्या टोकाला, कड्यात उंचावर आहे आणि जिने चढून जावं लागतं. ते उघडं असलं तरी 'बंद आहे' असं सांगितलं जातं. दारातल्या फलकावर त्या दिवशी उघड्या असलेल्या थडग्यांची नावं असतात, तीच वाचा. दोनच दाखवून 'वेळ संपला' म्हणणं हाही नित्याचा प्रकार. मूळ तिकिटातलं तिसरं थडगं तुमच्या पैशाचं आहे, ते सोडू नका.

तुतनखामनचं केव्ही ६२, रामसेस पाचवा आणि सहावा यांचं केव्ही ९ आणि सेती पहिल्याचं केव्ही १७ या तिन्हींना वेगळी तिकिटं लागतात. सेतीचं तिकीट मूळ तिकिटाच्या दुपटीहून महाग आहे. त्यामुळे 'सर्व प्रवेश शुल्क समाविष्ट' यात ही तीन आहेत का, हे नंबरासह लेखी विचारा. बहुतेक वेळा नसतात. वेगळी तिकिटं मुख्य दारावरच घ्यायची असतात. आत पोहोचल्यावर 'माझ्याकडे एक जास्तीचं आहे' असं म्हणणाऱ्याला दाद देऊ नका. आणि तुतनखामनच्या खजिन्याच्या आशेने तिथे जाऊ नका. १९२२ मध्ये सापडलेलं हे थडगं लहान आहे. राजाची ममी तिथे आहे, पण सोन्याचा मुखवटा नाही, तो कैरोकडे आहे. ब्रोशरवर मुखवट्याचा फोटो छापून लक्सर विकणारे आम्हाला मुळातच आवडत नाहीत.

थडग्यांच्या आत गाइडला बोलायची परवानगी नसते, तो बाहेर समजावून सांगतो. म्हणून आत 'मी दाखवतो' म्हणत टॉर्च घेऊन मागे लागणारा माणूस तुमचा गाइड नव्हे. तो दोरीपलीकडे बोलावेल, फोटो काढ म्हणेल, मग हात पुढे करेल. मोबाईलने फ्लॅशशिवाय फोटो काढायला वेगळे पैसे लागत नाहीत. नम्रपणे नको म्हणा आणि पुढे चला.

मेम्नॉनचे पुतळे कार्यक्रमात स्वतंत्र स्थळ म्हणून झळकतात. आमेनहोटेप तिसरा या राजाच्या या दोन प्रचंड मूर्ती रस्त्याकडेलाच आहेत, तिकीट नाही, दहा मिनिटांत पाहून होतात. त्यांच्या नावावर प्रवेश शुल्क लावलेलं दिसलं तर बाकीचा हिशेबही तपासा. 'दोन्ही मंदिरं' म्हणजे कर्नाक आतून आणि लक्सर मंदिर बाहेरून, हेही ठरलेलं. आपल्याकडच्या सहलींतलं 'बाहेरून दर्शन' तिथेही चालतं, कारण लक्सर मंदिर रस्त्यावरून छान दिसतं. वास्तविक ते रात्रीपर्यंत उघडं असतं, तेव्हा ते शेवटी ठेवायला सांगा. कर्नाकच्या १३४ खांबांच्या दालनाला मात्र दिवसाचा उजेड हवा.

तिकीट खिडक्यांवर आता मुख्य ठिकाणी रोख घेत नाहीत, कार्ड लागतं. आपली कार्डं परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंद असतात, ती बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करावी लागतात. हे विसरलात की खिडकीसमोर अडकता, मग गाइड आपलं कार्ड काढतो आणि त्याच्या मनातल्या दराने तुमच्याकडून डॉलर घेतो. एजंटने 'तिकिटांसाठी रोख द्या' म्हटलं तर द्या हवे तर, पण प्रत्येक तिकीट हातात घ्या. तिकिटावर किंमत छापलेली असते. विद्यार्थ्यांना सवलत आहे, ओळखपत्र दाखवून ती स्वतः मागा, नाहीतर ती सवलत दुसऱ्याच्या खिशात जाते.

घोडागाडी किंवा मोटरबोट ठरवताना 'वीस पौंड' एवढंच ठरवू नका. उतरल्यावर ते ब्रिटिश पौंड होतात, किंवा माणशी होतात. इजिप्शियन, सगळ्यांचे मिळून, जाऊन-येऊन, असं तीनदा वदवून घ्या. 'फेरीबोट बंद आहे' म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. लक्सर मंदिरासमोरून पश्चिम काठाला जाणारी लोकांची फेरीबोट अगदी किरकोळ पैशात सोडते. नोट देताना आकडा मोठ्याने बोलून द्या, कारण २०० ची नोट घेऊन २० ची दाखवणं आणि सुट्ट्यात ५० पौंडांऐवजी ५० पियास्टर (पौंडाचे शंभर पियास्टर) देणं, दोन्ही हातचलाखी जुन्या आहेत.

गाइडबद्दल एवढंच: इजिप्तमध्ये परवाना पर्यटन मंत्रालय देतं आणि कार्ड गळ्यात असावं लागतं. त्यावरचं नाव, फोटो आणि भाषा बघा. 'अमिताभ बच्चन!' म्हणून प्रेमाने हाक मारणारा प्रत्येक जण ठग नसतो, पण म्हणून तो गाइडही होत नाही.

पैसे भरण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागा: गाडीचा नंबर आणि वर्ग, स्टेशन, थडग्यांचे नंबर, आत जायची देवळं, दुकानं शून्य, परवान्याच्या कार्डाचा फोटो. आगाऊ रक्कम शक्यतो क्रेडिट कार्डाने भरा, म्हणजे बँकेकडे वाद मांडता येतो. भारतातल्या कुणाच्या खात्यावर यूपीआयने पाठवलेले पैसे बुडाले तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात गेलेली असते. तिथे जागेवर तंटा झाला तर पर्यटन पोलिसांचा नंबर १२६. बँक पुरावा मागते, म्हणून रेल्वेची आणि थडग्यांची वापरलेली तिकिटं फेकू नका आणि गाडीतल्या आपल्या रांगेचा एक फोटो काढून ठेवा.