दार बंद करून दाखवा: जुन्या फ्रिजच्या कॅबिनेटमध्ये झालेली फसवणूक

जुन्या फ्रिजमध्ये दिवे आणि पंखा बसवून ते 'घरच्या शेतीचं कॅबिनेट' म्हणून विकणाऱ्या एकाने मला 11,000 रुपयांना फसवलं. लबाडी लपवायला इतकी सोपी आहे की वरवर पाहून ती कुणालाच दिसणार नाही. शिवाय त्या कपाटामुळे घरात कुणाला तरी जबर शॉक बसला असता, म्हणून सगळं तपशिलात लिहिते.

आमची खोली लालबागला, चाळीच्या मागच्या अंगाला. ऊन येत नाही. मी मुळा, मोहरी, मेथीचे मायक्रोग्रीन्स, म्हणजे कोवळे असतानाच कापून खायचे कोंब, लावते, घरापुरते आणि ओळखीच्या काही घरांसाठी. ट्रे उघडे ठेवले की रात्री उंदीर येतात. म्हणून फ्रिजचं कपाट मनात भरलं: पत्र्याचं अंग, घट्ट बसणारं दार, कप्पे आयतेच. विक्रेता मराठी, बोलायला गोड. 'ताई, माझ्या आईसाठी केलंय तसंच तुम्हाला करून देतो' म्हणाला.

मी त्याला पहिलाच प्रश्न हवेचा विचारला होता. फ्रिजच्या भिंतीतला फोम बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, तोच फोम आतल्या दिव्यांची उष्णता बाहेरही सोडत नाही. त्यात दाराचं रबर हवाबंद. अशा पेटीत ओल्या मातीचे ट्रे ठेवले तर वाफ कोंडणार, कोंब सडणार, बुरशी धरणार. त्याचं उत्तर तयार होतं. 165 लिटरचा फ्रिज म्हणजे सहा घनफुटांहून कमी जागा. पंखा 120 सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला 120 घनफूट हवा ओढणारा. 'मिनिटाला वीस वेळा हवा बदलेल, ताई. वर एक्झॉस्ट, खाली हवा आत यायला जाळी.' हिशोब बरोबर होता, रचनाही बरोबर होती. खोटं होतं ते प्रत्यक्ष काम.

व्हिडिओ कॉलवर त्याने वरच्या जाळीला रेशमी फीत बांधून दाखवली. पंखा सुरू केला की फीत फडफडायची. दार मात्र पूर्ण वेळ उघडं होतं. आतले दिवे, कप्पे, हिरवेगार ट्रे दाखवायचे तर दार उघडंच लागणार, त्यामुळे त्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. सगळा खेळ त्या उघड्या दारात होता. दार उघडं असलं की पंख्याला हवी तेवढी हवा मिळते. दार लागलं की खालून आत येईल तेवढीच हवा वरून बाहेर जाणार. आत यायला वाटच नसेल तर पंखा नुसता गरगरतो.

कपाट टेम्पोने आलं, उरलेले पैसे यूपीआयने गेले, आणि पहिल्याच खेपेला मोहरीच्या देठांशी पांढरं कापसासारखं जाळं धरलं. देठ बुडाशी मऊ पडून कोंब आडवे. आतल्या थर्मामीटरवर खोलीपेक्षा नऊ अंश जास्त, आत पाण्याचे थेंब. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, 'मुंबईचा पावसाळा आहे ताई, बुरशी येणारच. पाणी कमी घाला.'

ही अर्धी खरी गोष्ट असल्यामुळेच ती धोकादायक आहे. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट, आणि नुसता पंखा कपाटातली हवा खोलीतल्या हवेपेक्षा कोरडी करू शकत नाही हे खरं. पण दिव्यांच्या उबेचा इथे फायदा असतो. 28 अंशांची, 85 टक्के आर्द्रतेची हवा 31 अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता 71-72 टक्क्यांवर येते. म्हणजे हवा खेळती असेल तर कपाटातली स्थिती खोलीपेक्षा थोडी बरी असायला हवी. मी त्याच पुडीतलं बी, तीच माती, तेवढंच पाणी घालून एक ट्रे बाहेर टेबलावर लोखंडी जाळीखाली ठेवला. तो निरोगी वाढला, आतला पुन्हा सडला. हवामानाची सबब तिथेच संपली.

आमच्या मजल्यावरचे काका बेस्टमध्ये वायरमन होते. त्यांनी आधी उदबत्ती मागितली. दार बंद करून पंखा लावला आणि पेटती उदबत्ती खालच्या जाळीसमोर धरली. धूर आत ओढला जायला हवा होता. तो सरळ वर गेला, जाळीकडे वळलासुद्धा नाही. काकांनी जाळीचे चार स्क्रू काढले. मागे भोकच नव्हतं! फ्रिजच्या अखंड पत्र्यावर काळा रंग मारून त्यावर जाळी बसवली होती, लांबून पोकळी वाटावी म्हणून.

हा आळस नव्हे. काळा रंग विचार करून मारला जातो.

वरची जाळी चार इंची, पण तिच्यामागे फोममध्ये पाडलेलं भोक जेमतेम दीड इंची. 120 मिलिमीटरचा पंखा एवढ्याशा भोकावर बसवला की बाहेर पडायला दहावा हिस्सा जागा उरते. पंख्याच्या स्टिकरवर 0.60 अँपिअर छापलं होतं. काकांनी तो काढून मोकळा चालवला आणि मल्टिमीटर लावला, तर 0.14. स्टिकर सोलल्यावर खाली दुसरं, जुनं स्टिकर निघालं. जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेला पंखा होता. आणि 120 सीएफएमचा पंखा खरा असता तरी तो आकडा समोर काहीही अडथळा नसतानाचा असतो. जाळी, डासांची जाळी, वळणं आली की तो निम्म्याखालीही जातो.

खरी गरज किती, तेही सांगते, कारण मोठ्या आकड्यांनीच माणूस भुलतो. माझे दिवे 40 वॉटचे. ती उष्णता काढून आतलं तापमान खोलीपेक्षा फक्त तीन अंश जास्त ठेवायचं तर साधारण 23 सीएफएम पुरतात. पण ते दार बंद असताना, खरोखर वाहणारे हवेत.

आता वायरिंग. दिव्याची 230 व्होल्टची वायर पत्र्याच्या कापलेल्या धारदार भोकातून तशीच नेली होती, रबराची कडी नाही. पंख्याच्या थरथरीने वायरचं आवरण घासून गेलं होतं. प्लग तीन पिनांचा, पण आत अर्थिंगची वायर कुठेच जोडलेली नाही, कापून टेप गुंडाळलेली. काकांनी रंग खरवडलेल्या जागी पत्र्याला टेस्टर लावला आणि तो पेटला. ओल्या हातांनी रोज हाताळायची ही वस्तू. जुन्या चाळींतल्या किती खोल्यांना गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी असतो? आमच्याकडे नव्हता, आता 30 मिलिअँपिअरचा बसवला आहे.

काकांनी खाली चार-चार इंचांची दोन भोकं पाडली, वरचं भोक पंख्याएवढं केलं, दुसरा पंखा बसवला, अर्थिंग जोडलं. फरक नऊ अंशांवरून तीनवर आला. पण घरी असं भोक कुणी सहज पाडू नये. बऱ्याच फ्रिजच्या बाजूच्या पत्र्यांखाली गॅसच्या नळ्या असतात, आणि नव्या फ्रिजमधला गॅस, आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा वायू. माझ्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढलेला होता आणि नळ्या रिकाम्या आहेत याची काकांनी खात्री केली होती.

दुरुस्तीआधी आम्ही सगळ्याचं चित्रीकरण केलं: उदबत्ती, जाळीमागचा रंगवलेला पत्रा, दोन्ही स्टिकर, कापलेली वायर. ते व्हिडिओ पाठवल्यावर विक्रेत्याने मला ब्लॉक केलं. बिलावरचा पत्ता ठाणे जिल्ह्यातला, आणि तो बहुधा याच भरवशावर असतो की मुंबईचं गिऱ्हाईक तिथे खेटे घालणार नाही. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि आता आयोगात तक्रार दाखल केली आहे. निकाल लागायचा आहे.

तो अजून विकतोय, नव्या नावाने. व्हिडिओत फीत तशीच, दार तसंच उघडं. असं कुठलंही कॅबिनेट घेणार असाल तर पैसे देण्याआधी दार बंद करून उदबत्ती लावून दाखवायला सांगा, आणि खालची जाळी काढून मागे काय आहे तेही. आधीच घेतलं असेल तर प्रथम प्लग काढा, ओळखीच्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, मगच जाळीच्या स्क्रूंना हात लावा. मागे रंगवलेला पत्रा निघाला तर दुरुस्तीची घाई नको, आधी चित्रीकरण करा.